सातारच्या चढउतारावर जुनी ऑटोमॅटिक आय-टेन: पारखून घेण्यापासून घाटात चालवण्यापर्यंत

बायकोच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच बंद सांगितला. घरातली गाडी मॅन्युअल. साताऱ्यात क्लच बंद म्हणजे गाडीच बंद. राजवाड्यावरून पोवई नाक्याकडे उतार, परत येताना चढ, आणि वरच्या रस्त्याने जा नाहीतर खालच्या, पन्नास पावलांवर ब्रेक ठरलेला. नवी ऑटोमॅटिक घेण्याची ऐपत तेव्हा नव्हती, म्हणून जुनी शोधायला लागलो. सहा गाड्या नाकारल्या. सातवी, २०१२ सालची ह्युंदाई आय-टेन १.२ ऑटोमॅटिक, दारात आली. तिला आता चार वर्षं झाली. बायको ती रोज चालवते, मी घाटात नेतो. या शोधात आणि वापरात जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण साताऱ्या-सांगलीकडे जुन्या ऑटोमॅटिकबद्दल विचारलं की एक तर “नको त्या भानगडीत पडू” असं ऐकायला मिळतं, नाहीतर “गाडी एकदम मक्खन आहे” असं. दोन्हींतून काही कळत नाही.

आधी गाडी समजून घ्या

आय-टेन भारतात २००७ च्या दिवाळीच्या सुमारास आली ती १.१ लिटर इंजिनाची. २००८ मध्ये कप्पा नावाचं १.२ लिटरचं इंजिन आलं, आणि ऑटोमॅटिक मिळते ती याच इंजिनावर. ११९७ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ८० पीएस ताकद आणि ११.४ किलोग्रॅम-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. हा टॉर्क पूर्ण मिळतो तो ४००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेतं तेव्हा, हे लक्षात ठेवा. पुढे घाटाबद्दल जे लिहिलंय ते सगळं या एका आकड्याभोवती फिरतं. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. सप्टेंबर २०१० मध्ये चेहरा बदललेली आवृत्ती आली. तिची लांबी ३५८५ मिलिमीटर, रुंदी १५९५, दोन चाकांमधलं अंतर २३८०. जमिनीपासून उंची १६५ मिलिमीटर, टाकी ३५ लिटरची, डिकी २२५ लिटरची. वळायला ४.७ मीटरची त्रिज्या पुरते, आणि सदाशिव पेठेसारख्या अरुंद भागात घर असेल तर बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा हा आकडा कामाचा ठरतो.

चार माणसं आरामात बसतात. मागे तिसरा बसला की खांद्याला खांदा लागतो. आईला ही गाडी आवडते त्याचं कारण सीट. ती बऱ्यापैकी उंच असल्याने खाली वाकून शिरावं लागत नाही आणि उतरताना गुडघ्यावर जोर येत नाही.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या धडकवून तपासल्या, त्यांत एअरबॅग नसलेली आय-टेन होती, आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. म्हणून एबीएस आणि एअरबॅग असलेलाच वरचा प्रकार शोधा. तो कमी सापडतो, थोडं थांबावं लागतं. मी थांबलो.

कुठल्या जातीची ऑटोमॅटिक?

दोनच पेडल दिसले की सगळे “ऑटोमॅटिक” म्हणतात, पण त्यात तीन वेगळ्या जाती आहेत. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळली ती एएमटी. तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. मायलेज चांगलं, पण चढावर ब्रेक सोडला की गाडी मागे येते आणि गिअर पडताना मान हलते. दुसरी सीव्हीटी, जॅझ किंवा मायक्रासारख्या गाड्यांतली. तिच्यात ठराविक गिअर नसतात, पट्टा दोन पुल्यांवर सरकत राहतो. मऊ चालते, पण जुनी होऊन बिघडली तर दुरुस्ती जड जाते.

तिसरी आपली: टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. त्यात समोरासमोर दोन चक्रं. एक चक्र इंजिन फिरवतं, ते तेल भिरकावतं, आणि त्या तेलाच्या जोराने दुसरं चक्र फिरतं. मध्ये मॅन्युअलसारखी घासणारी क्लच प्लेट नाही. त्यामुळे ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते, साध्या चढावर मागे येत नाही, आणि सुरुवातीला हा डबा इंजिनाचा जोर वाढवूनही देतो. तोटा एवढाच की तेल घुसळण्यात ताकद जाते, तेल तापतं आणि पेट्रोल जास्त लागतं. आय-टेनमध्ये या कन्व्हर्टरमागे चार गिअर आहेत. दांड्यावर पी (पार्किंग), आर (मागे), एन (न्यूट्रल), डी (पुढे), २ (दुसऱ्या गिअरपर्यंतच) आणि एल (फक्त पहिला) अशा जागा, आणि मुठीला एक छोटं बटण, ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे चौथा गिअर बंद-चालू करणारं. बऱ्याच मालकांनी हे बटण आयुष्यात दाबलेलं नसतं. साताऱ्यात राहायचं तर त्याच्याशी ओळख करून घ्यावीच लागते.

पहिली पायरी: कागद

गाडी बघायला जाण्याआधी कागद मागा, म्हणजे फेरी वाचते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यामुळे २००८ ते २०१० च्या गाड्यांची मुदत संपलेली आहे. नोंदणी नव्याने करून घेतलेली असेल तर ती पुढच्या पाच वर्षांची असते. केंद्राने एप्रिल २०२२ पासून खासगी कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये केलं. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओत गाडी दाखवून तपासणीही करावी लागते. मालक “करून देतो” म्हणाला तर “आधी करा, मग घेतो” म्हणा.

आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून थकलेली ई-चलनं बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमा तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, तो तुम्हाला मिळत नाही. विक्रेता किंमत सांगताना तो बोनस जमेत धरत असेल तर ऐकू नका.

नंबरवरूनही थोडं कळतं. एमएच-१२ आणि एमएच-१४ म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड. जुन्या ऑटोमॅटिक आपल्याकडे येतात त्या बहुतेक तिथल्याच. किलोमीटर कमी असले तरी इंजिन ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास चाललेलं असतं. एमएच-०८ रत्नागिरीची असेल तर खालून गंज बघा. एमएच-१० सांगली आणि एमएच-०९ कोल्हापूर असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराचा प्रश्न पहिला विचारा आणि उत्तरावर विसंबू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीत दडलेल्या भागावर मातीची रेघ दिसते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, एसी लावताच येणारा कुबट वास, हेही बघा. ऑटोमॅटिकमध्ये पुराची गाडी जास्तच नडते, कारण गिअर कधी टाकायचा ते सांगणारा संगणक आणि त्याच्या वायरी ओल्या झाल्या की दोष महिन्यांनी, आणि तोही मधूनच दिसतो. मी सांगलीत बघितलेली एक गाडी बाहेरून आरशासारखी होती. बेल्ट ओढला, शेवटच्या वितीवर तांबूस माती. तसाच परत फिरलो.

दुसरी पायरी: थंड गाडी

“सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नका,” असं आदल्या दिवशी सांगा. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन चालू करून पहिल्या दोन-तीन सेकंदांचा आवाज ऐका. चेनचा खडखडाट लांबला तर ऑइल बहुधा वेळेवर बदललेलं नाही.

मग ब्रेक घट्ट दाबून दांडा एनवरून डीवर घ्या. सेकंदभरात हलका धक्का जाणवून गाडी गिअरमध्ये यायला हवी. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग दणका बसतो, तर गाडी सोडा. आरमध्येही हेच करून बघा. डीमध्ये ब्रेकवर उभं असताना स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरत असेल आणि एनला घेतल्यावर थांबत असेल, तर बहुतेक वेळा इंजिनाची रबरी माउंटिंग गेलेली असतात. त्याला खर्च आहे पण भीती नाही, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवताना टकटक येत असेल तर स्टिअरिंगच्या दांड्यातला छोटा रबरी कपलर झिजलेला असू शकतो. तोही बदलता येतो.

तिसरी पायरी: गाडी तापवा, घाटात न्या

ही पायरी कुणाच्याही सांगण्यावरून गाळू नका. ऑटोमॅटिकचा दोष थंड असताना लपतो. थंड तेल घट्ट असतं, आतल्या झिजलेल्या सीलमधूनही दाब धरून ठेवतं. तेल तापून पातळ झालं की दाब गळतो आणि मग गिअर घसरतो.

साताऱ्यातच एका विक्रेत्याकडे चकाचक २०११ ची गाडी होती. गोडोलीपर्यंत चक्कर मारली, लोण्यासारखी चालली. मी म्हटलं, यवतेश्वर घाटात नेऊ. तो म्हणाला, “साहेब, घाट कशाला? इथंच बघा की अजून एक राउंड.” मी हट्ट धरला. समर्थ मंदिराच्या पुढे चढ सुरू झाला. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणानंतर पाय थोडा दाबला तर आरपीएमचा काटा अडीच हजारावरून सरळ चार हजारावर गेला, इंजिन ओरडलं, आणि स्पीडचा काटा तिशीवरून हलला नाही. दोन सेकंदांनी मागून ढकलल्यासारखा धक्का बसला आणि गाडीने गिअर धरला. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. वर थांबून बॉनेट उघडलं तर करपलेल्या दुधासारखा वास. विक्रेता दरीकडे बघत उभा राहिला. गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करायचा म्हटलं असतं तर गाडीच्या किमतीचा मोठा घास त्यातच गेला असता.

तेव्हा निदान वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा, त्यात चढ हवाच. इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, म्हणजे गिअर घसरतोय. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना मध्येच काटा उसळतो, तेही तेच लक्षण. चाळीसच्या आसपास एकदम पाय पूर्ण दाबून बघा. क्षणभर थांबून गाडीने खालचा गिअर घ्यायला हवा आणि झेप घ्यायला हवी. तो क्षणभराचा उशीर या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे, त्याला दोष समजू नका. शेवटी ओव्हरड्राइव्हचं बटण दाबून डॅशबोर्डवर ओ/डी ऑफचा दिवा लागतो का आणि चौथा गिअर सुटून काटा वर जातो का, ते बघा. हा दिवा तुम्ही काही न दाबता लुकलुकत असेल तर संगणकाने दोष नोंदवलेला असू शकतो. स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: तेलाची काडी

घाटातून उतरल्यावर सपाट जागी थांबा, इंजिन चालूच ठेवा. हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर, दांडा एकेक करून सगळ्या जागांवर फिरवून पीवर आणा. इंजिन ऑइलची तपासणी इंजिन बंद करून होते, गिअरबॉक्सच्या तेलाची चालू ठेवून. इथेच पुष्कळ जण चुकतात: बंद इंजिनावर पातळी खोटीच जास्त दिसते आणि तेल कमी असलं तरी कळत नाही. गरजेपेक्षा जास्त ओतणंही वाईट, जास्त तेलाला फेस येतो आणि दाब पडतो.

काडी काढून धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसा, पुन्हा घालून काढा. पातळी गरमच्या खुणेत हवी. आता एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. नवं तेल लाल असतं, वापरात काळवंडतं, नुसत्या रंगाला घाबरू नका. बोटांत चोळून वास घ्या. करपट वास आला, चमचमणारे कण दिसले किंवा चिमटीत कचकच लागली तर निघा. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी त्यात मिसळलंय, मग त्या गाडीकडे बघूही नका.

घेतल्यावर पहिलं काम हे तेल बदलणं. या गिअरबॉक्सला एसपी-३ प्रतीचं तेल लागतं. “सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं” म्हणून कुठलंही दिलं तर घेऊ नका, डब्यावर एसपी-३ वाचा. खालचा नट उघडला की सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून मी एकदा बदललं, पाचशे किलोमीटर चालवलं आणि परत बदललं. मशीन लावून दाबाने धुऊन काढण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. जुन्या, इतिहास माहीत नसलेल्या गिअरबॉक्सला मी तो मुद्दाम टाळला. त्यानंतर घाटातलं चालणं धरून दर ४०,००० किलोमीटरला बदलायचं ठरवलंय.

चालवताना: गावात

पहिले दोन दिवस डावा पाय सीटखाली ओढून बसा. क्लचच्या सवयीने तो ब्रेकवर पडतो आणि मागचा माणूस डिकीत येतो. दोन्ही पेडल उजव्या पायानेच.

या गाडीला पाय हलका लागतो. अर्धा पाय दिला की ती शांतपणे एकेक गिअर वर चढते. घाई केली की खालचा गिअर पकडून ओरडते आणि फार पुढे जात नाही. बायकोने हे माझ्या आधी ओळखलं. “अहो, तिला ढोसू नका, ती आपली आपण जाते,” असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, आणि तिच्या हाताखाली मायलेजही माझ्यापेक्षा चांगलं मिळतं.

चढावर ट्रॅफिकमध्ये थांबलात तर ब्रेकवर थांबा. थोडा ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर तोलून धरायची सवय वाईट, त्या वेळी सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये तेल तापवण्यात जाते. मिनिटभर थांबायचं असेल तर डी आणि ब्रेक पुरे, जास्त असेल तर एन आणि हँडब्रेक. डीवरून आरवर जाताना गाडी पूर्ण थांबू द्या.

उतारावर गाडी लावताना क्रम महत्त्वाचा. ब्रेक दाबलेला असतानाच एन, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, परत ब्रेक दाबा आणि शेवटी पी. थेट पीला टाकून ब्रेक सोडला तर सगळा भार गिअरबॉक्सच्या आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतो, आणि सकाळी दांडा काढताना ठणकन आवाज येतो.

घाट चढताना, उतरताना

चार माणसं, एसी, आणि कासला निघालात. डीमध्ये तसंच ठेवलं तर गाडी गोंधळते: जरा सपाट लागलं की चौथा घेते, चढ लागला की तिसरा, पुन्हा चौथा. या हेलकाव्याने तेल तापतं आणि मागे बसलेल्यांना मळमळतं. चढ सुरू होण्याआधीच ओव्हरड्राइव्ह बंद करा. गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही, काटा वरच्या पट्ट्यात राहतो आणि टॉर्क हाताशी असतो. अवघड वळणांवर २. इंजिनाचा आवाज वाढतो, वाढू द्या. पुण्याहून येताना खंबाटकी घाटातही हेच. तिथे ट्रकच्या मागे अडकलात तर आधी ओव्हरड्राइव्ह बंद करून गिअर पडू द्या, आरशात बघा आणि मगच बाहेर काढा. बाहेर काढून मग पाय दाबलात तर तो क्षणभराचा उशीर भलत्या वेळी भेटतो.

उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद, आणि पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना २ वर. आधी ब्रेकने वेग तीस-पस्तीसवर आणा, मगच २ घ्या. एल अगदीच खडा उतार असेल आणि गाडी विशीच्या खाली असेल तेव्हाच. एनमध्ये घरंगळत उतरून पेट्रोल वाचवायचा उद्योग या गाडीत करायचाच नाही. ब्रेक तापून कामातून जातात, आणि वाचत तर काहीच नाही, कारण गिअरमध्ये उतरताना पाय काढलेला असला की इंजिन तसंही पेट्रोल तोडतं.

हायवेला नव्वदपर्यंत ती शांत आहे. त्यापुढे चार गिअर कमी पडतात, आवाज चढतो, आणि उंच अंगामुळे आडवा वारा जाणवतो. मी नव्वदला समाधान मानतो. मायलेज मला साताऱ्यात लिटरला दहा-अकरा, हायवेला चौदा-पंधरा मिळतं. रोज लांबचं जाणं असेल तर ही गाडी परवडणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

बंद पडली तर

ढकलून ही गाडी चालू होत नाही. बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावणं एवढाच उपाय, म्हणून केबल डिकीत ठेवा आणि बॅटरी चार वर्षांपुढे ताणू नका.

दोरी बांधून ओढत नेणं त्याहून घातक. गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली तर आतले भाग कोरडेच घासतात. गेल्या पावसाळ्यात आनेवाडी टोलनाक्याच्या पुढे आमचा रेडिएटरचा पंखा गेला. तापमानाचा काटा वर चढताना दिसला म्हणून गाडी कडेला घेऊन बंद केली. टोचनवाला आला आणि सवयीने दोरीचा हूक पुढे अडकवायला लागला, “न्यूट्रलला टाका, नेतो की सातारपर्यंत.” त्याला हात जोडून थांबवलं. दीड तास पावसात थांबून सपाट पाठीची गाडी मागवली, चारही चाकं वर चढवली आणि मगच घरी आलो. पंखा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसला. टोचन बोलावताना फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा: गाडी ऑटोमॅटिक आहे, पुढची चाकं उचलणारी नाहीतर सपाट पाठीची पाठवा.